ब्रेस, बनियन आणि लेकीची पाठ

लेकीला स्कोलिओसिस आहे, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलेला; त्यासाठी ती ब्रेस, म्हणजे धडाभोवतीचं कडक कवच, घालते. तो दिसला की लोकांचा प्रश्न ठरलेला: "मग आता पाठ सरळ होणार ना?" नाही हो. वाढीच्या वयात बाक आणखी वाढू नये, एवढंच त्याचं काम. कॉब अँगल (एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन) साधारण 25 ते 40 अंश असेल आणि हाडांची वाढ बाकी असेल, तर डॉक्टर ब्रेस सुचवतात. 50 अंशांपुढे ऑपरेशनची भाषा सुरू होते.

खरी मेख ब्रेस रोज किती तास घालतो, यात आहे. 2013 साली अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. ब्रेस घालणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक 50 अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48 टक्के. (म्हणजे जवळपास निम्म्यांचं ब्रेसशिवायही भागलं, हेही सांगायला हवं.) रोज 13 तासांहून जास्त घालणाऱ्यांत यश 90 टक्क्यांच्या वर. ब्रेसमध्ये तापमान टिपणारा सेन्सर होता, ब्रेस अंगावर किती वेळ होता ते त्यातून कळायचं, त्यामुळे थापा चालल्या नाहीत!

आमचं निम्मं युद्ध बनियनशी. आतला बनियन घट्ट, सुती, शक्यतो बिनशिवणीचा हवा. एक सुरकुती राहिली की कमरेवर लाल वळ. काढल्यावर थोड्या वेळात लाली गेली तर ठीक, राहिली तर ब्रेस बनवणाऱ्याला दाखवायचं. वाकता येत नाही, म्हणून पडलेली पेन्सिल ती पायाच्या बोटांनी उचलते, तीही ऐटीत.

तासांचा हिशेब तिचा तीच ठेवते. मी विचारलं की भांडण.