सातार्ड्याचा शिपाई

माझं काम पोर्तुगीज नोंदींचं. जुना जन्मदाखला, इन्व्हेंटारी (वारसांच्या वाटणीचा कागद), जमिनीचा कागद कुणी घेऊन आलं की त्यातला मजकूर मराठीत किंवा इंग्रजीत उतरवून द्यायचा. येणाऱ्यांतल्या बहुतेकांना पोर्तुगालचं नागरिकत्व हवं असतं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला आजा नोंदवहीत सापडला की त्यांचा मार्ग मोकळा होतो. नुसतं आपला आजा कोण होता हे कळावं म्हणून येणारं माणूस विरळाच. पेडणे तालुक्यातली ती मुलगी तशी आली होती.

"काका, पप्पा म्हणतात, आजो लढायेक गेल्लो. गावात कोणाक पटना." गावाच्या मते आजो मुंबईला गिरणीत होता. तो स्वतः कधी काही बोलला नाही आणि तिचे पप्पा लहान असतानाच वारला. घरात उरलं होतं काय, तर एक लोखंडी ट्रंक, एक फोटो आणि फिती नसलेली तांब्याच्या रंगाची पदकं.

दुसऱ्या महायुद्धातल्या या पदकांना सहा टोकं असतात, मधोमध ब्रिटिश राजाची मुद्रा आणि भोवती पदकाचं नाव. तिच्याकडच्या एकावर ‘आफ्रिका स्टार’ होतं, दुसऱ्यावर ‘इटली स्टार’. हातात घेतल्यावर माझ्या अंगावर काटा आला. पण आफ्रिका आणि इटली दोन्हीकडे लढलेल्या हिंदी पलटणी बऱ्याच होत्या आणि या पदकांवर माणसाचं नाव नव्हतं. फोटोतल्या टोपीवर मात्र बिल्ला होता, आणि भिंगाखाली त्यात बिगुल दिसत होता. बिगुल ही लाइट इन्फन्ट्रीची, म्हणजे चपळ पायदळाची खूण. आमच्या भागातला माणूस आणि बिगुल, म्हणजे मराठा पलटण आणि तिचं केंद्र बेळगाव.

फौजेत नावाला फारशी किंमत नसते, नंबराला असते. एकाच नावाचे किती शिपाई असतील कोण जाणे! नंबर नसेल तर पलटणीचं अभिलेख कार्यालय तरी काय शोधणार? ट्रंकेवर नंबर रंगवलेला असेल या आशेने मी तिला ट्रंकच आणायला सांगितली. घरच्या लग्नात त्या ट्रंकेला हिरवा रंग दिला होता, तोही आता पापुद्रे सुटलेला. दार लावून घेतलं आणि झाकणावर बॅटरीचा उजेड अगदी आडवा टाकला. जुन्या ब्रशाचे फटकारे रंगाखालून वर आले. आधी आकडे, मग ‘सिपॉय’, मग आज्याचं नाव. ती एकेक आकडा मोठ्याने वाचत होती, मी लिहून घेत होतो.

तो नंबर घालून तिच्या पप्पांनी अर्ज केला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, आणि ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे तो हा. बापलेक दोघंही दारात उभे, तोंडं उतरलेली. पप्पांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "हो आमचो न्हय."

कागदावर आज्याचं नाव होतं, त्याच्या बापाचं नावही जुळत होतं. भरती १९३९, बेळगाव. तिसरी बटालियन. पण गाव लिहिलं होतं सातार्डा, संस्थान सावंतवाडी. यांचं घर तर पिढ्यान्‌पिढ्या पेडण्यात. आमच्याकडे एकसारखी नावं घरोघर सापडतात, तेव्हा त्यांची शंका रास्तच होती. आणि दुसऱ्याचं शौर्य आपल्या घरात आणायला तो माणूस तयार नव्हता. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

मी त्यांना घेऊन थेट पेडण्याला निबंधकाच्या कार्यालयात गेलो. दाखल्याच्या छोट्या प्रतीत फक्त आईबापांची नावं येतात. मूळ नोंदवहीत पोर्तुगीज कारकून पुष्कळ जास्त लिहून ठेवत: आई कुठली, बाप कुठला, आजे-आज्या कोण. १९१४ पासूनची नागरी नोंदणी आमच्या हिंदू घरांसाठी केवढं मोठं धन आहे, हे पासपोर्टच्या घाईत कुणाच्या ध्यानात येत नाही. वही उघडली. तिरकं, दाट अक्षर, पिंगट पडलेली शाई. बापाच्या नावापुढे त्यांचं गाव. आईच्या नावापुढे ‘नातुराल द सातार्डा’. ती जन्माने सातार्ड्याची.

मी ती ओळ दोनदा वाचून दाखवली. पप्पा म्हणाले, "आजीचं माहेर... म्हणजे बाबांच्या मामाचं घर!"

तेरेखोल नदीच्या पलीकडे सातार्डा, अलीकडे पेडणे. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरीक, पण राज्यं दोन. पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता आणि गोव्याचा माणूस कागदोपत्री पोर्तुगीज प्रजा. त्या युद्धाचं गोव्यात नाव निघालं की लोकांना आठवते ती मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात पेटलेली ‘एरेनफेल्स’ ही जर्मन बोट. नदी ओलांडून पलटणीत गेलेल्या पोरांची आठवण कुणी काढत नाही.

"मग तो सरकाराकडे फट मारून गेलो?" पप्पांनी विचारलं. मी म्हटलं, नाही हो. मामाचं घरही घरच. आणि पुढे त्याने जे केलं त्यात खोटं कुठेच नाही.

तिसरी बटालियन पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनला लढली. डोंगरांमधून जाणारी एकच वाट, दोन्ही बाजूंच्या कड्यांवर इटालियन फौज, आणि खालून चढत जायचं. फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झालेली ती लढाई २७ मार्चला संपली. मग १९४४ मध्ये हीच बटालियन इटलीत, आता जर्मनांसमोर. वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलैला याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे एकटे मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ते ठाणं घेतलं आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर आहे.

आजो कुठल्या कंपनीत होता ते त्या कागदावर नव्हतं. ते मी स्पष्ट सांगितलं. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्ध-डायऱ्या आहेत. बटालियन कोणत्या दिवशी कोणत्या टेकडीवर होती ते त्यांतून कळतं, पण साध्या शिपायाचं नाव त्यांत सहसा नसतं.

पप्पा बराच वेळ वहीकडे बघत बसले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला आजवर कुणी विचारला नव्हता. "त्याच्याबरोबरचे कोण परत नाही आले, ते कळेल?"

ते कळतं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी खुली आहे आणि कित्येक नावांपुढे बापाचं नाव आणि गावही दिलेलं असतं. त्या संध्याकाळी माझ्या संगणकावर आम्ही तिसऱ्या बटालियनची नावं काढायला बसलो. पप्पा गावं वाचत होते, मुलगी वहीत उतरवत होती. सावंतवाडीकडचं गाव आलं की ते थांबायला सांगत. त्या घरांपर्यंत जाऊन यायचं त्यांनी ठरवलं आहे, आणि मीही बरोबर जाणार आहे.