डी१ की डी५

बुधवार, रात्री उशिरा

चाचणीसाठी ठेवलेल्या एआरएम (प्रोसेसरचा एक प्रकार) व्हर्च्युअल मशीनचं फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणारं ईडीके२, नव्या बिल्डवर नेलं आणि जुन्या आयएसओवरच्या (लिनक्सच्या इन्स्टॉल इमेजवरच्या) मशीन बूट होईनात. ग्रबचा, म्हणजे कर्नल मेमरीत भरून सुरू करणाऱ्या लोडरचा, मेनू व्यवस्थित येतो. एंटर दाबलं की ‘सिंक्रोनस एक्सेप्शन’ अशी ओळ उमटते आणि सगळं थांबतं. कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) एक शब्दही दिसत नाही. रिलीज बिल्ड याहून जास्त काही सांगत नाही, म्हणून डीबग बिल्ड लावलं. त्यात कारण स्पष्ट छापून आलं: इन्स्ट्रक्शन अ‍ॅबॉर्ट, परमिशन फॉल्ट. ईएलआर (कोणत्या सूचनेवर थांबलं) आणि एफएआर (कोणत्या पत्त्यावर मनाई झाली) या दोन्ही रजिस्टरांत एकच पत्ता. म्हणजे प्रोसेसर ज्या पत्त्यावरची सूचना उचलायला गेला, तिथेच त्याला मनाई झाली. मेमरी शाबूत होती, कर्नलही बरोबर भरलेला होता, फक्त मेमरीचं ते पान (तुकडा) ‘चालवायचं नाही’ म्हणून नोंदलेलं होतं.

यूईएफआयमध्ये, म्हणजे ईडीके२सारखं फर्मवेअर ज्या मानकानुसार चालतं त्यात, मेमरी मागताना प्रकार सांगावा लागतो. लोडर कोड वेगळा, लोडर डेटा वेगळा. पण कित्येक वर्षं बहुतेक फर्मवेअर या प्रकारांची नुसती नोंद ठेवत आलं. डेटा म्हणून घेतलेल्या जागेत कोड भरून तिथे उडी मारली तरी कोणी अडवत नव्हतं. ग्रब एआरएम६४वर कर्नलसाठी लोडर डेटाच मागायचा, आणि ते बिनबोभाट चालायचं. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो एक्सवर मात्र कर्नल तिथेच अडकू लागला, कारण त्याचं फर्मवेअर डेटाची पानं खरोखरच चालू देत नव्हतं. त्यानंतर ग्रबमध्ये दुरुस्ती झाली. ती अगदी छोटी आहे: डेटाऐवजी कोड मागायचा. २०२३च्या डिसेंबरात आलेल्या २.१२ आवृत्तीत ती आहे.

ईडीके२मध्ये कोणत्या प्रकारची मेमरी चालवू द्यायची नाही हे एका आकड्याने ठरतं. त्यातला एकेक बिट म्हणजे मेमरीचा एकेक प्रकार. एआरएमच्या व्हर्च्युअल मशीनसाठी हा आकडा (हेक्साडेसिमलमध्ये लिहिलेला) आधी डी१ने संपायचा. लोडर डेटाला मुद्दाम सूट होती, आणि ग्रबसारखे लोडर ही जागा चालवता येते असं धरून चालतात, असं कारण सोर्समधल्या टिपणीतच दिलेलं होतं. पुढे तो डी५ झाला. फरक एका बिटाचा, पण त्या बिटाने माझ्या मशीन अडवल्या. काही डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वितरणांनी) आपल्या पॅकेजमध्ये पुन्हा डी१ लावला, तो याच कारणासाठी.

डी५ला माझा विरोध नाही. बूट होताना चालणारा कोड ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी येतो आणि त्याच्यावर नजर ठेवणारं कोणी नसतं. २०२०च्या बूटहोल या त्रुटीत ग्रबची साधी कॉन्फिग फाइल वाचताना बफर ओव्हरफ्लो व्हायचा आणि त्यातून सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी व्यवस्था) निकामी करता यायचा. जी मेमरी लिहिताही येते आणि चालवताही येते, ती अशा हल्ल्याला आयतीच मिळते. ती बंद व्हायलाच हवी, आणि ती बंद करण्यासाठी मेहनत घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

मला खुपतं ते दुसरंच. ग्रब दुरुस्त झाला तरी आधी प्रसिद्ध झालेली आयएसओ दुरुस्त होत नाही. सही झालेला शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा लोडर) तर एका बाइटनेही बदलता येत नाही, बदलला की सही गेली. संरक्षण मात्र सगळ्या मशीनला एकदम लागू होतं, लोडर नवा असो की जुना. त्यापेक्षा प्रत्येक इमेजने स्वतःबद्दल सांगावं, हा मार्ग मला पटतो. पीई (यूईएफआय प्रोग्रॅम ज्या प्रकारात असतात त्या) फाइलच्या हेडरमध्ये ‘एनएक्स कम्पॅट’ नावाचा फ्लॅग त्यासाठीच आहे. तो लावलेल्या लोडरला कडक नियम, न लावलेल्याला जुनी सवलत. मायक्रोसॉफ्टनेही शिमवर सही करण्याच्या अटींत हा मुद्दा आणला आहे. अर्थात, फ्लॅग लावला म्हणजे काम झालं असं नाही. शिम, ग्रब, कर्नल ही सगळी साखळीच तयार हवी. ग्रब स्वतःची मॉड्यूल मेमरीत भरून चालवतो, त्यामुळे त्याला पानांचे हक्क स्वतः बदलता यायला हवेत. त्यासाठीचा प्रोटोकॉल यूईएफआय २.१०मध्ये, म्हणजे २०२२मध्ये आला. आणि तो वापरणारा कोडच काही प्रसिद्ध झालेल्या शिममध्ये चुकलेला निघाला, तेव्हा ईडीके२ला तो प्रोटोकॉल लपवण्याची सोय द्यावी लागली! सुरक्षेसाठी आणलेली गोष्ट सुरक्षेचंच काम करणाऱ्या प्रोग्रॅमपासून लपवायची, हे वाचून मन खट्टू झालं.

आमच्यापुरतं असं ठरवलंय: फर्मवेअरची दोन बिल्ड ठेवायची. डी१चं फक्त जुन्या आयएसओंसाठी, त्यांची यादी दारावरच लावून. बाकी सगळ्यांना डी५. नवीन काही आलं की आधी डी५वरच उठवून बघायचं, आणि ते पडलं तर त्या डिस्ट्रोकडे डीबग लॉगसकट बग नोंदवायचा. आजचा लॉग जपून ठेवलाय, उद्या सकाळी पहिला बग त्याच्यासोबत जाईल.