जवारी काढायला मिरजेला

आमच्या घरात दोन सतारी आहेत. एक वाजते. दुसरी ओसरीच्या भिंतीवर टांगलेली असते आणि तिच्या भोपळ्यामागे यंदा चिमण्यांनी काड्या जमवायला घेतल्या आहेत. टांगलेली आधी आली. सगळा खटाटोप तिच्यामुळेच झाला.

धामणगाव रेल्वेपासून थोडं आत आमचं गाव. सहा एकर शेती, कापूस, तूर, कधी सोयाबीन. वय ४२. गाण्याबजावण्याशी संबंध म्हणाल तर भजनी मंडळात खंजिरी वाजवतो. तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्याच जिल्ह्यातली, त्यामुळे इकडच्या पोराला सायकल आधी येते की खंजिरी, हे सांगणं कठीण. सतार मात्र फक्त रेडिओवर ऐकलेली. नागपूर आकाशवाणीवर कधी लागली की मी जेवता जेवता थांबायचो आणि बाबा म्हणायचे, "कोन झोपेत वाजवून रायलं बाप्पा हे?" आलाप चालू असायचा. त्यांचंही चूक नव्हतं.

तर दोन वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतरच्या पहिल्या वेचणीचा पैसा हातात आला आणि मी मोबाइलवर ८,५०० रुपयांची सतार मागवली. फोटोत ती लग्नातल्या नवरीसारखी होती. दांडीवर वेलबुट्टी, भोपळ्यावर पांढरी नक्षी, सोबत कव्हर आणि तार छेडायला बोटात घालायच्या तारेच्या दोन नख्या फुकट. खोकं गावात आलं तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली. मी तारा ताणल्या, नखी घातली आणि छेडलं. आवाज आला तो मच्छरदाणीत अडकलेल्या डासाचा.

मला वाटलं, दोष माझाच. पंधरा दिवस तसंच कुरकुरत बसलो. खुंटी पिळायची, सोडायची, तिने गर्रकन मागे फिरायचं. शेवटी अमरावतीला एक निवृत्त संगीत शिक्षक आहेत असं कळलं, त्यांच्याकडे सतार घेऊन गेलो. सरांनी ती वाजवली नाही. आधी बंदुकीसारखी डोळ्यापाशी धरली आणि दांडीच्या लांबीवरून एक डोळा मिटून पाहिलं. मग मला पाहायला लावलं. दांडी मध्यातून आत दबलेली, बैलगाडीच्या जुन्या जुवासारखी. मग त्यांनी शिलाईचा टेप काढला. तारा दोन टोकांना जिथे टेकतात, त्या वरच्या मेरूपासून खालच्या घोडीपर्यंत ३५ इंच भरलं. म्हणजे साडेसतरावर, खरं तर त्याच्या केसभर वर, मोकळ्या तारेच्या दुपटीचा स्वर मिळायला हवा. केसभर वर यासाठी की दाबताना तार ताणली जाते आणि स्वर चढतो. आमच्या नवरीचा तो पडदा, म्हणजे तार दाबायची दांडीवरची आडवी पट्टी, जवळजवळ इंचभर खाली होता.

"पडदा सरकवता येतो ना सर?" मी विचारलं. तेवढं मी वाचलेलं होतं. सतारीचे पडदे दोऱ्यांनी बांधलेले असतात, रागानुसार ते वरखाली करतात.

सरांनी नखाने दोरा उचकटून दाखवला. दोरा नुसता शोभेला. खाली पडदा गोंदाने चिकटवलेला.

"ही दिवाणखान्यात छान दिसेल," सर म्हणाले. आमच्याकडे दिवाणखाना नाही, म्हणून ती ओसरीवर आहे.

पैसे परत मिळवायच्या नादात महिना गेला, त्याचं पुराण इथे नको. मिळाले नाहीत.

सरांचा सल्ला साधा होता. नक्षी नको, रंग नको, आणि वाजवून पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही. नवी परवडत नसेल तर वापरलेली घे, पण ज्याने बनवली किंवा जो दुरुस्त करतो त्याच्या हातातून घे. आणि त्यासाठी मिरजेला जा.

मिरज म्हणजे आमच्यासाठी महाराष्ट्राचं दुसरं टोक. पण गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आमच्याच रुळांवरून जाते. दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मिरज. डिसेंबरात तिसरी वेचणी उरकली आणि निघालो. बायकोने भाकऱ्या, ठेचा आणि जुनी गोधडी बांधून दिली. गोधडी माझ्यासाठी नव्हती, येताना सतार गुंडाळायला होती. ही अक्कल तिची.

मिरजेत सतारमेकर गल्ली विचारली की कोणीही सांगतं. दारादारात भोपळे. शेतकऱ्याची नजर आधी तिथेच गेली. हे आपल्या भाजीतले भोपळे नव्हेत. कडू जात, जाड सालीची, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठाने मुद्दाम पिकवतात. वाळले की वरून वाजवून पाहतात. मी एकरी किती निघतात वगैरे विचारायला लागलो तेव्हा दुकानातले चाचा हसले. म्हणाले, "सतार घ्यायला आलाय का भोपळे लावायला?"

चाचांचं घराणं याच कामातलं. मिरजेत हे काम सुरू होऊन पावणेदोनशे वर्षं होत आली. फरीदसाहेब शिकलगार हे नाव तिथे सगळे घेतात. शिकलगार म्हणजे मूळचे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचं काम कमी होत गेलं आणि हे हात सतारीकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या नागपूरच्या संत्र्याला आहे तेच. चाचांना त्याचं कौतुक होतं, पण ते मिळाल्यावर गिऱ्हाईक वाढलं का, यावर त्यांनी नुसता हात हलवला.

नवी साधी सतार त्यांनी २५ हजारांच्या पुढे सांगितली. माझ्या खिशात २० होते, त्यातच परतीचं भाडं. मग त्यांनी माळ्यावरून एक वापरलेली काढली. तून लाकडाची, तपकिरी, एकही वेलबुट्टी नाही. कोणीतरी शिकायला घेऊन सोडून दिलेली. भोपळ्याला मागे बोटभर जुनी भेग, आतून सांधलेली. मी सरांनी सांगितल्यासारखी दांडी डोळ्यापाशी धरली, टेप लावला. चाचा बघत राहिले, रागावले नाहीत. १६ हजारांत ठरलं, नव्या तारांसकट. "पण आज नाही," ते म्हणाले. "हिची जवारी गेलीय. ती काढल्याशिवाय द्यायचो नाही."

इथे थोडं थांबून सांगतो, कारण पहिली सतार घेणाऱ्याने कशाची चौकशी करावी तर याची. सतारीची घोडी पेटीच्या झाकणासारखी सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तारेच्या दिशेने तिला इतका बारीक उतार असतो की डोळ्याला कळत नाही. तार त्या उतारावर नुसती टेकत नाही, कंप पावताना पुनःपुन्हा त्याला चाटत जाते आणि त्यातून तो झणकार उठतो. तीच जवारी. रोजच्या वाजवण्याने घोडीत तारेची खाच पडते आणि आवाज चिरका नाही तर मुका होतो. पूर्वी घोडी सांबरशिंगाची करत. आता ते कायद्याने बंद आहे, माझ्या सतारीवर उंटाचं हाड आहे.

चाचांनी तारा सैल केल्या, घोडी काढली, मांडीवरच्या फळीवर धरली आणि कानशीने घासू लागले. तीन-चार हात. फुंकर. घोडी परत जागेवर, तार ताणून स्वरात, टणत्कार. मान हलवली. पुन्हा तार सैल, पुन्हा घोडी बाहेर. दुसऱ्या वेळी त्यांनी घोडी खिडकीच्या उजेडासमोर धरून तिच्यावर एक सरळ पट्टी टेकवली आणि मला खालून जाणारी उजेडाची रेघ दाखवली. पुढच्या बाजूला ती सुईएवढी, मागे येता येता नाहीशी. "हे एवढंच," ते म्हणाले. असं सात वेळा झालं. मी मोजलं, कारण करायला दुसरं काही नव्हतं. पाचव्या वेळी मला आवाज उत्तम वाटला, त्यांना नाही. सातव्या वेळी तार छेडल्यावर त्यांनी कानस खाली ठेवली, आणि तार बराच वेळ बोलत राहिली.

मध्येच बायकोचा फोन आला. कधी निघता? मी म्हटलं, जवारी काढणं चालू आहे, झाली की निघतो.

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "यंदा तं आपन जवारी पेरलीच नाही. कोनाची काढून रायले तुमी तिकडे?"

चाचांना सांगितलं की आमच्या वऱ्हाडात जवारी म्हणजे ज्वारी, भाकरीची. ते इतके हसले की शेजारच्या दुकानातले लोक डोकावले. अजूनही फोन केला की ते आधी विचारतात, पेरली का?

परतीच्या गाडीत मी वरच्या बर्थवर सतारीला झोपवलं आणि स्वतः रात्रभर खाली पाय मुडपून बसलो. धामणगावहून गावच्या एसटीत कंडक्टरने गोधडीकडे बघून विचारलं, "पेशंट हाय का?" म्हटलं, बरी झालीय आता.

वाजवण्याबद्दल सांगायचं तर पहिला महिना बसण्यातच गेला. डावा पाय खाली, उजवा त्यावरून, भोपळा डाव्या तळपायाच्या आधाराने आणि उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग भोपळ्यावर असा टाकायचा की डावा हात पूर्ण सोडला तरी दांडी पडू नये. माझी पडायची. सर म्हणायचे, डाव्या हाताने सतार धरलीस तर वाजवशील कशाने? उजव्या तर्जनीत नखी. आत ओढलं की दा, बाहेर टाकलं की रा. दारा दारा दारा, तासभर. आई म्हणाली, दाराला काय झालं?

मला वाटायचं, शेतकऱ्याचे हात, आपल्याला काय होणार. घट्टे होते, पण तळहाताला. तर्जनी आणि मधल्या बोटाचं टोक लोण्यासारखं. तिथे पोलादी तारेने आठवड्यात चिरा पाडल्या. त्यावर सरांचा उपाय म्हणजे छोट्या वाटीत कापसाचा बोळा, त्यावर खोबरेल. वाजवताना बोट मधूनमधून त्यावर टेकवायचं. सर दुकानातली कापसाची पट्टी वापरतात. मी त्यांना सरकी काढलेला घरचा कापूस नेऊन दिला, तेवढीच गुरुदक्षिणा त्यांनी घेतली. महिन्याभरात बोटावर काळी रेघ पडली, ती आता जात नाही. फवारणीच्या दिवसांत मात्र सतारीला सुट्टी. कितीही धुतलं तरी औषधाचा वास हाताला राहतो, ते हात त्या बोळ्यावर नको वाटतात.

आमच्या हवेबद्दल मिरजेत कोणी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला आणि सतारीने असहकार पुकारला. लाकूड सुकून आकसलं, खुंट्या भोकात सैल, रात्री लावलेली सतार सकाळी सगळी उतरलेली. शाळेतला खडू खुंटीला घासला, आत दाबत पिळली, थोडी धरली. मग मी शहाणपणा केला आणि तिला कूलरसमोरच्या खोलीत ठेवली. वाळ्याच्या ताट्यांची ओली हवा रात्रभर लागली. सकाळी खुंट्या फुगून अशा घट्ट की पिळताना बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, तार तटकन तुटून गालावर बसली. आता ती मधल्या खोलीत असते. तिथे ना पत्र्याची झळ, ना कूलरची हवा. जाड कव्हरावर तीच गोधडी. पावसाळ्यात वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या फडक्याने पुसतो, नाहीतर गंज चढतो. तारा गावात काय, धामणगावातही मिळत नाहीत. मिरजेहून येताना बाजाच्या एक डझन आणल्या होत्या, तेच शहाणपण कामी आलं.

दर रविवारी अमरावती, जाऊन येऊन अख्खा दिवस. आठ महिन्यांनी सरांनी यमन रागातली मसीतखानी गत, म्हणजे संथ लयीतली ठरलेली चाल, दिली. दिर दा दिर दा रा दा दा रा. सोळा मात्रांत ती दोनदा बसते, आणि सुरुवात पहिल्या मात्रेवर नाही, बाराव्यावर. खंजिरी वाजवणाऱ्याला हे सोपं जाईल असं वाटलं होतं. उलट झालं. भजनात हात आपोआप समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडतो, इथे तो पाच मात्रा आधी उचलायचा. मी नांगरताना, मोटारपंप सुरू व्हायची वाट बघताना, बोटावर मोजत राहायचो. मींड अजून नीट येत नाही. पडद्यावर तार बाजूला ओढून एका स्वरातून दुसऱ्यात जायचं असतं, माझी ग वरून निघते आणि म च्या अलीकडेच दम टाकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसलो. केंद्रावर माझ्या आजूबाजूला सगळी सहावी-सातवीतली पोरं. पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, पालकांनी बाहेर थांबायचं ना? पास झालो.

यंदा कोजागिरीला मंडळाने म्हटलं, भाऊ, तुझं ते यंत्र भजनात आण. मी सतार काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, लावलेली. मंडळ गातं काळी चारला, बरंच वर. मी म्हटलं, तिथपर्यंत चढवली तर तार तुटेल. पेटीवाले काका म्हणाले, मग आम्ही उतरतो. उतरले. पण पहिल्याच कडव्यात म्हातारी मंडळी इतकी खर्जात गेली की शब्द दाढीतच अडकले, आणि खालच्या सा ला तर कोणाचाच आवाज येईना. दुसऱ्या कडव्यापासून सगळे आपोआप आपल्या मूळ पट्टीत चढले, पेटीही त्यांच्यामागे गेली. मी नखी काढून बोळ्याच्या वाटीत ठेवली, शेजारच्या पोराच्या हातातली खंजिरी घेतली. सतार मांडीवरच होती. खंजिरीच्या थापेसरशी तिच्या तरफेच्या तारा, म्हणजे पडद्यांखालच्या बारीक तारा, आपल्या आपण झणकत होत्या, आणि दूध आटेपर्यंत झणकत राहिल्या.