पंचेचाळिसाव्या दिवसाची पहाट

स्पेनमध्ये आयबेरियन लिंक्स या रानमांजराच्या एका ब्रीडिंग सेंटरवर मी एक सीझन काम केलंय. स्क्रीनसमोर बसायचं काम. मार्च-एप्रिलमध्ये पिल्लं होतात आणि तिथून पुढचे दोन-अडीच महिने चोवीस तास कुणीतरी कॅमेऱ्यावर नजर ठेवून असतंच, आई कुठे आहे, पिल्लं कुठे आहेत, दूध पाजलं का, सगळ्याची वेळ टाकून नोंद. लोक विचारतात कंटाळा नाही का यायचा, तर खरंच नाही यायचा, कारण आपण कशासाठी बसलोय ते पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं.

२००२ मध्ये जंगलात हे प्राणी शंभरसुद्धा उरले नव्हते, तेही फक्त दक्षिण स्पेनमधल्या आन्दुहार आणि दोन्याना या दोनच भागांत. ससा हेच त्यांचं मुख्य खाणं, आणि आधी मिक्सोमॅटोसिस या सशांच्या साथीने, मग रक्तस्रावाच्या रोगाने ससेच संपवले, उरलेले लिंक्स शिकारीत नाहीतर गाड्यांखाली गेले. अशा वेळी २८ मार्च २००५ ला सालिएगा नावाच्या मादीला तीन पिल्लं झाली, बंदिवासातली पहिलीच. सगळं छान चाललेलं आणि साधारण सहा आठवड्यांनी दोन पिल्लं अचानक एकमेकांना भिडली, त्यात ब्रेसिना नावाचं पिल्लू मेलं. सुरुवातीला कळेचना की झालं काय. रशियात सर्गेई नायदेन्को या शास्त्रज्ञांनी युरेशियन लिंक्सच्या पिल्लांत हेच बघून ठेवलं होतं, साधारण याच वयात सख्खी भावंडं जिवावर उठतात, खाण्यावरून नाही, कशावरूनच नाही. मग कळलं की हे त्यांच्यात होतंच, आणि तेव्हापासून हा पहारा.

माझ्या शिफ्टला तीन पिल्लांची एक मादी होती. त्या दिवशी पिल्लांना ४५ दिवस झाले होते. पहाटेचे सव्वापाच वगैरे, तिघं आईच्या शेपटीशी खेळत होती, तेवढ्यात त्यातला मोठा नर थांबला. नुसता थांबला. कान मागे, पाठीवरचे केस उभे, आणि पुढच्याच क्षणी त्याने बहिणीचा गळा धरला. ती उताणी पडून मागच्या पायांनी त्याचं पोट ओरबाडतेय, आणि स्पीकरमधून जो आवाज येत होता तो खेळातला नव्हताच, एवढंसं पिल्लू आणि एवढा खोल गुरगुराट, मला अजून ऐकू येतो.

मी वॉकीटॉकीवर ओरडलेच, "धरलंय, गळ्याला धरलंय!" आमची सीनियर कीपर धावत दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. म्हणाली, "आईला बघू दे आधी." मला वाटत होतं आत जा, आत्ता जा, पण तिचं बरोबर होतं, माणूस आत शिरला की मादी बिथरते आणि भांडण राहतं बाजूला. आईने नराचं मानगूट पकडून ओढलं तर दोघंही एकमेकांना लटकून वर आली, सोडेचना तो. तिने खाली ठेवलं, परत ओढलं, मधे अंग घातलं. मी घड्याळाकडे बघून सेकंद लिहीत होते कारण तेवढंच माझ्या हातात होतं, आणि हात थरथरत होता. तिसऱ्यांदा पकड सुटली, पण तो परत वळला, तेव्हा कीपर जाड हातमोजे घालून शिरली आणि त्याला उचलून बाहेर आली.

बहिणीच्या गळ्यावर दाताची दोन भोकं होती, श्वासनलिका वाचली होती. डॉक्टरांनी जखम धुतली, अँटिबायोटिक दिलं आणि लगेच आईकडे सोडलं, जास्त वेळ माणसांत ठेवायचंच नसतं. पुढे जंगलात जाणारी जनावरं ही, त्यांना ससासुद्धा माणूस दिसणार नाही असाच द्यायचा. नराला शेजारी जाळीपलीकडे ठेवला, म्हणजे आईचा वास आणि भावंडांची सवय तुटत नाही. मादी पहिली रात्र जाळीपाशीच बसून होती, एक अंग या दोघांना पाजायला आणि तोंड त्याच्याकडे.

२०२४ च्या मोजणीत स्पेन-पोर्तुगाल मिळून २,४०१ लिंक्स निघाले आणि त्याच वर्षी आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या जागतिक संस्थेने त्यांना 'संकटग्रस्त'मधून एक पायरी कमी धोक्याच्या 'असुरक्षित' गटात आणलं. हा आकडा वाचला की मला पहिल्यांदा ती कीपर दिसते, दाराच्या कडीवर हात ठेवून थांबलेली. आत जाण्यापेक्षा ते थांबणं अवघड होतं असं मला आजही वाटतं.

नराला आधी रोज थोडा वेळ, सगळे हजर असताना सोडायचे. दोनदा कान मागे गेले, दोनदा परत काढला. मग एका सकाळी जाळीचं दार उघडंच ठेवलं. बहीण आधी लांब बसली, मग हळूहळू जवळ आली, त्याने तिचा कान हुंगला. माझी त्या सकाळची नोंद अशी आहे: ६.४०, तिघंही आईला पितायत, नर मधे.