सातवा रकाना

पत्रद्वारे चालणारा बायबलचा एक अभ्यासक्रम मी गेल्या वर्षी पूर्ण केला. बारा पाठ, त्यांच्या उत्तरपत्रिका आणि तोंडी परीक्षा हे सारे इतके सुरळीत पार पडले की त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. अडले ते शेवटच्या निबंधाशी, किंबहुना निबंधासोबत जोडायच्या अर्जाच्या सातव्या रकान्याशी.

निबंधाचा विषय 'मशीहाच्या पदव्या आणि वचनदत्त राज्य' असा होता. सातव्या रकान्यात प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील हजार वर्षांच्या राज्याविषयी तीन मते दिलेली होती: ख्रिस्त आधी येईल आणि मग पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील, ते राज्य आधी येईल आणि ख्रिस्त नंतर, किंवा हा आकडा प्रतीकात्मक असून ते राज्य आजच चालू आहे. यांपैकी एका चौकटीत खूण करावयाची होती. मी ती केली नाही. तीन आठवड्यांनी 'अपूर्ण' असा शिक्का घेऊन पाकीट परत आले.

मी फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी अत्यंत नम्रपणे सांगितले, "सर, एक तरी टिक लागेल, त्याशिवाय सिस्टीम पुढे घेत नाही." आमच्या पाळकसाहेबांकडे गेलो, तर ते हसून म्हणाले, "अहो, कुठेही खूण करा आणि मोकळे व्हा, वाचतंय कोण!" पाळकसाहेबांबद्दल मला आदर आहे, पण चार महिने ज्या प्रश्नावर रात्री जागून काढल्या, त्याचे उत्तर डोळे मिटून ठोकून देणे माझ्याने होईना.

वास्तविक अडचण पदव्यांपासूनच सुरू होते. 'मशीहा' या इब्री शब्दाचा आणि 'ख्रिस्त' या ग्रीक शब्दाचा अर्थ एकच, अभिषिक्त. आणि अभिषेक तर राजांना होत असे, याजकांना होत असे, इतकेच नव्हे तर यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात प्राचीन इराणचा राजा कोरेश यालाही परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे. 'दावीदाचा पुत्र' म्हटले की सिंहासन आले, कारण दावीदाच्या घराण्याचे राज्य टिकविण्याचे वचन दुसऱ्या शमुवेलाच्या सातव्या अध्यायात आहे. परंतु मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात पेत्र या शिष्याने 'तू ख्रिस्त आहेस' असे म्हणताच येशू ते कोणाला सांगू नका अशी ताकीद देतो आणि लगेच 'मनुष्याचा पुत्र' ही पदवी घेऊन दुःखसहनाविषयी बोलू लागतो. (ही पदवी समजण्यासाठी दानीएलाचा सातवा अध्याय मार्काच्या आधी वाचावा, मी उलट क्रमाने वाचून पंधरा दिवस वाया घालवले.) शिवाय लूकाच्या पहिल्या अध्यायात गब्रीएल देवदूत सांगतो की त्या राज्याचा अंत होणार नाही, मग हजार वर्षे हा हिशेब कसला?

पृथ्वीवरील राज्याची आशा ही भाबडी समजूत आहे, असे मीही पूर्वी मानत असे. पण मी साताऱ्यात राहतो. 1839 साली प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवले गेले आणि त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे दाद मागत राहिले. तेवढ्यात 1848 साली राज्य खालसाही झाले. हे माहीत असलेल्या माणसाला प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायातील शिष्यांचा प्रश्न, 'आता इस्राएलाचे राज्य पुन्हा स्थापणार काय?', बालिश वाटत नाही. आणि येशूही त्यांना तो प्रश्न चुकीचा आहे असे म्हणत नाही. काळवेळ जाणणे तुमच्याकडे नाही, एवढेच म्हणतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक 1917 साली मिशनमधून बाहेर पडून याच गावी आले आणि त्यांनी आपल्या कल्पनेतील ख्रिस्तभक्तांच्या समुदायाला 'देवाचा दरबार' हे नाव दिले. दरबार म्हटला की राजा आला, पण तो राजा कोणत्या चौकटीतला, हे टिळकांना कोणी विचारले नसावे.

दुसऱ्यांदा अर्ज भरताना मी एक स्वतंत्र पान जोडले. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर स्वतः यरुशलेमेतील हजार वर्षांच्या राज्याची वाट पाहत होता, तरी चांगल्या श्रद्धेचे अनेक ख्रिस्ती वेगळे मानतात, हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले. पुढे ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तर पहिल्या मताकडून तिसऱ्याकडे असा प्रवास एका जन्मात केला, म्हणजे त्याला हा रकाना दोनदा भरावा लागला असता. तेव्हा माझी चौकट रिकामी असणे हे अपूर्णत्व नसून तेच माझे उत्तर आहे, असे मी थोड्याशा रागानेच लिहिले. कोणी या वाटेने जाणार असेल, तर पान जोडताना त्याचा उल्लेख मूळ अर्जावरही करावा, नाहीतर टाचणी निघून ते हरवते. आणि सर्व कागदांच्या झेरॉक्स आधीच काढून ठेवाव्यात. पोवई नाक्यावर दुसऱ्यांदा फेरी मारताना मला हे सुचले.

त्यानंतर अकरा आठवडे काहीही कळले नाही. मग एके दिवशी प्रमाणपत्र आले, सोबत तपासलेला निबंध आणि मूळ अर्ज. निबंधावर कोरेशाच्या उल्लेखापाशी 'उत्तम' असा शेरा होता. जोडलेल्या पानावर काहीच नव्हते. सातव्या रकान्यात मात्र पहिल्या चौकटीत कोणीतरी पेन्सिलीने खूण केलेली होती.