खांद्यावर बसलेले चार संत

पॅरिसला गेले होते तेव्हा एक दिवस मुद्दाम शार्त्र गावासाठी ठेवला होता, मोंपार्नास स्टेशनवरून ट्रेननी तासाभरावर आहे. तिथल्या कॅथेड्रलमधल्या रंगीत काचांबद्दल खूप ऐकलेलं, पण दक्षिणेकडच्या खिडकीपुढे उभी राहिले आणि तिथून पाय निघेना.

वर भलीमोठी गोल खिडकी, मधोमध ख्रिस्त, आणि तिच्याखाली पाच उंच काचा. मधल्या काचेत मरिया बाळ येशूला घेऊन आणि दोन्ही बाजूंना बायबलच्या जुन्या करारातले, म्हणजे येशूच्या आधीच्या भागातले चार धिप्पाड संदेष्टे, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर एक छोटा माणूस बसलाय, जत्रेत पोरं बापाच्या खांद्यावर बसतात ना अगदी तसा! हे छोटे म्हणजे शुभवर्तमान, म्हणजे नव्या करारातलं येशूचं चरित्र लिहिणारे चौघं. यिर्मयाच्या खांद्यावर लूक, यशयाच्या मत्तय, यहेज्केलच्या योहान आणि दानीएलच्या मार्क. नवा करार जुन्याच्या खांद्यावर बसून लांबचं बघतोय, एवढी मोठी गोष्ट अक्षरही न लिहिता सांगितलीये. ही काच १२२० च्या दशकातली, आणि त्याच्या शंभर वर्षं आधी याच गावात शिकवणारे बर्नार्ड म्हणायचे की आपण महाकाय माणसांच्या खांद्यावर बसलेले बुटके आहोत.

तेच चौघं वरच्या गोल खिडकीत परत भेटतात पण चिन्हांच्या रूपात, मत्तयचा मनुष्य, मार्कचा सिंह, लूकचा बैल, योहानचा गरुड, सगळे पंखवाले. शंख-चक्र दिसलं की आपण विष्णू ओळखतो तसंच आहे हे, एकदा कळलं की कुठल्याही चर्चमधे संत ओळखीचे वाटायला लागतात. किल्ल्या म्हणजे पेत्र, चाक म्हणजे कॅथरीन, लोखंडी जाळी म्हणजे लॉरेन्स. मला यात सगळ्यात जास्त भिडतं ते हे की चाक आणि जाळी ही त्यांना मारायला आणलेली साधनं, आणि तीच त्यांच्या हातात मानानं दिलीयेत. कॅथरीनला त्या चाकावर मारायचं होतं, तर कथा सांगते की चाकच मोडलं.

निघताना चांगल्या शोमरोन्याच्या खिडकीपाशी थांबले, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची ही येशूनं सांगितलेली गोष्ट. या काचा बहुतेक खालून वर वाचायच्या असतात, आणि हिच्या अगदी तळाशी जोडे बनवणारे कारागीर कामाला बसलेत, काच त्यांच्याच देणगीतली असं सांगतात. म्हणजे येशूच्या गोष्टीपर्यंत पोचायला आधी त्यांच्या दुकानातून जावं लागतं, आणि मी तिथेच कितीतरी वेळ बघत उभी होते.