फिलिस डिलर आणि विनोदांचं लोखंडी कपाट

परवा मला ३७ पूर्ण झाली. सकाळपासून फोन चालू, त्यात एका मावशीने "आता काय बाई, मुलांचं बघायचं" असं ऐकवलं, यावर काय बोलणार, हो हो म्हणून फोन ठेवला आणि एकदम फिलिस डिलर आठवली.

ही अमेरिकेतली स्टँडअप करणारी बाई, जन्म १९१७ चा, ओहायोतल्या लायमा गावचा. क्लबमध्ये पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली ती ७ मार्च १९५५ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या पर्पल अनियनमध्ये, म्हणजे तळघरातला छोटासा क्लब. वय ३७, पदरात पाच पोरं, नवऱ्याची नोकरी धड टिकेना म्हणून ही रेडिओ स्टेशनवर जाहिराती लिहून घर चालवतेय. आणि गंमत म्हणजे तू विनोद कर, स्टेजवर जा, असा धोशा त्याच नवऱ्याने लावलेला! बोलणं झालं होतं दोन आठवड्यांचं, बाई टिकली ८९ आठवडे.

तिचे जुने व्हिडिओ बघा. केस शॉक लागल्यासारखे उभे, अंगात गोणपाटासारखा झगा, हातात लांबलचक सिगरेट होल्डर. त्यातली सिगरेट लाकडाची, बाईने आयुष्यात सिगरेट ओढली नाही. आणि झगा कशाला, तर फिगर चांगली होती म्हणून! आपल्या काटकुळ्या अंगावर विनोद करायचे तर लोकांना ते खरं वाटायला नको का. आपण फोटोत पोट आत ओढून उभे राहतो आणि ही बाई उलटं करत होती, तेही पैसे घेऊन. स्टेजवरच्या नवऱ्याचं नाव फँग, म्हणजे सुळा. तो आळशी, ही गबाळी, घर म्हणजे उकिरडा, यावर तासन्‌तास.

पण मला खरं वेड लावलं ते तिच्या कपाटाने. ४८ खणांचं लोखंडी कपाट, आत कार्डं, एका कार्डावर एक विनोद टाइप केलेला, विषयवार, एबीसीडीच्या क्रमाने. ५० हजारांच्या वर! आमच्या ऑफिसात मागच्या वर्षीची फाइल शोधायला अर्धा दिवस जातो आणि या बाईला सासूवरचा विनोद हवा असला की खण ओढायचा, कार्ड काढायचं. सगळे तिचे स्वतःचे नव्हते, इतरांकडून विकत घ्यायची, त्यात घरी बसून विनोद लिहून पाठवणाऱ्या गृहिणीपण होत्या. २००३ मध्ये ते कपाट स्मिथसोनियन म्युझियमला गेलं आणि २०१७ मध्ये लोकांनी घरबसल्या ती कार्डं म्युझियमच्या वेबसाइटसाठी टाइप करून दिली. मी काही वाचली, खरं सांगू, बऱ्याच विनोदांवर हसू आलं नाही, शिळे झालेत. पण एक आवडला, पोरं वाढत असताना घर आवरणं म्हणजे बर्फ पडत असतानाच अंगणातलं बर्फ काढणं. आपल्याकडे बर्फ कुठला, धो धो पावसात गच्ची पुसणं म्हणा.

अ‍ॅक्टिंग पण केली, विनोदी नट बॉब होपबरोबर सिनेमे, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'हॅलो डॉली' हे संगीत नाटक, आणि १९९८ मध्ये पिक्सारच्या 'अ बग्ज लाइफ'मध्ये मुंग्यांच्या राणीचा आवाज. मध्ये काही वर्षं सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर पियानो वाजवत फिरली, तेही नीट शिकलेला पियानो. सिनेमांबद्दल फार लिहीत नाही, मला ती माइकसमोरच आवडते.

आणि १९८३ चा किस्सा. न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबमध्ये विनोदी नट सिड सीझरची टर उडवायचा कार्यक्रम, बायकांना प्रवेश नाही. ही मिशी लावून, सूट घालून पुरुष म्हणून आत जाऊन बसली!

शेवटचा शो २००२ मध्ये लास वेगासला केला, वय ८४. २०१२ मध्ये गेली, तेव्हा ९५ ची होती.

मावशीला परत फोन करणार होते, पण कुकरची शिट्टी झाली.